डेस हॅनिगनच्या एकेचाळीस जागा

शनिवारी सकाळी आठ वाजता डेस हॅनिगन फक्कीची गाडी ढकलत मैदानाच्या कुंपणाबाहेर उभा असायचा. आतल्या रेघा मारायला फुटबॉल क्लबचा माळी होता. डेसच्या रेघा बाहेरच्या, मोटारीत बसूनच सामना पाहणाऱ्यांसाठीच्या. दोन रेघांमध्ये एक मोटार, नाक मैदानाकडे, अशा एकेचाळीस जागा तो दर सामन्याआधी नव्याने आखायचा, कारण टॅलबॉट हेड या आमच्या गावच्या पावसात फक्की आठवडाभर टिकत नाही.

या सगळ्या जागा मैदानाच्या पश्चिम कडेला होत्या. पूर्वी लोक वाटेल तिथे मोटार लावत. एक्क्याऐंशी सालच्या हिवाळ्यात डेस सलग चार शनिवार पावसात मैदानाभोवती फिरला आणि मग क्लबला म्हणाला की आपल्याकडे पाऊस वरून पडत नाही, पश्चिमेकडून येतो. मोटारींनी वाऱ्याकडे पाठ केली तर पाऊस मागच्या काचेवर बसेल आणि पुढची काच कोरडी राहील. तसं करून पाहिलं आणि ते खरं निघालं. तेव्हापासून ती रांग डेसची झाली. कागदाच्या गिरणीत पाळीवर काम करणारा माणूस, क्लबमध्ये त्याला कुठलंही पद नव्हतं. पण कोणाची जागा कोणती हे तो ठरवायचा आणि त्यावर कोणी वाद घालत नसे.

मी या गावात आलो तो एक बी.कॉम.ची पदवी आणि दोन स्वेटर घेऊन. क्लबच्या कचेरीत सभासद नोंदणीचं काम मिळालं. माझं वसंत हे नाव पहिल्याच आठवड्यात 'वॅझ' झालं. त्या गोष्टीला एकतीस वर्षं होऊन गेली. येत्या जूनमध्ये मी निवृत्त होईन. या काळात मला भेटलेल्या माणसांपैकी ज्याच्याविषयी लिहायलाच हवं असं मला वाटतं, तो डेस.

सतरा नंबरची जागा त्याची स्वतःची. तिथे त्याची जुनी हिरवी स्टेशनवॅगन आणि पुढच्या सीटवर त्याची बायको नोलीन. नोलीन तरुणपणी बंदरावरच्या शेडमध्ये शिंपले सोलायची. थंड पाण्यातली वीस वर्षं तिच्या छातीत साचून राहिली. पन्नाशीला तिची फुफ्फुसं अर्धी कामातून गेली. डॉक्टरांनी एकच पथ्य सांगितलं होतं: ओला वारा अंगावर घ्यायचा नाही. पण फुटबॉल, म्हणजे लांबोळ्या चेंडूचा इथला खेळ, सोडायला ती तयार नव्हती. तेव्हा हीटर चालू, काचा बंद, मांडीवर चहाचा थर्मास आणि समोर मैदान, अशी तिची शनिवारची बैठक असे.

आपल्या संघाने गोल केला की मोटारींचे हॉर्न वाजवायचे, ही तिथली पद्धत. एकदा अंतिम सामन्यात तो लांबोळा चेंडू खांबाला घासून गेला आणि सगळी रांग गोल समजून मिनिटभर हॉर्न वाजवत राहिली. पलीकडच्या गावाने त्यावरून दोन वर्षं चिडवलं. तेव्हापासून असं ठरलं की पहिला हॉर्न नोलीनचा. तिची नजर तिखट होती. गोलपंचाने झेंडे हलवायच्या आधी तिला कळायचं. आधी सतरा नंबरचा एक लांब हॉर्न वाजायचा आणि मग उरलेल्या चाळिसांचा. मी कचेरीत कागदांत डोकं घालून बसलेला असे, पण गोल झाल्याचं मला त्या क्रमावरून समजायचं.

नवं स्टेडियम बांधायचं ठरलं तेव्हा ही रांग आडवी आली. तीन गावांचे सामने होतील असं आठ हजार खुर्च्यांचं स्टेडियम, गावाबाहेर महामार्गाला लागून. जुनं मैदान सोडायचं तर दोन-तृतीयांश सभासदांची मतं लागत होती आणि मोटारवाली घरं एकगठ्ठा विरोधात होती. नव्या जागी मोटार मैदानापर्यंत जाणार नव्हती.

अध्यक्ष रॉस पिअरमन मला घेऊन डेसच्या घरी गेला. नकाशांची गुंडाळी माझ्या काखेत होती. रॉस आणि डेस एका संघातून अकरा वर्षं खेळले होते. डेसच्या लग्नात नवरदेवाच्या शेजारी उभा राहिलेला मित्र म्हणजे रॉस. पुढे रॉसचा इमारतींच्या सामानाचा व्यवसाय वाढला, डेस गिरणीतच राहिला, पण स्वयंपाकघराच्या टेबलाशी दोघं पूर्वीसारखेच बसत. नोलीनने शिंपल्यांची करी भरलेले गरम पॅटिस पुढे ठेवले. रॉसने नकाशा उलगडला आणि बोलायला सुरुवात केली. छत किती पुढे येणार, खुर्च्यांना पाठ कशी असेल, स्वच्छतागृहं किती जवळ, व्हीलचेअरसाठी पुढच्या ओळी कशा मोकळ्या ठेवल्या आहेत, सगळं त्याने सांगितलं.

"रॉस, अजून एक पॅटिस घे," नोलीन म्हणाली. "इतकं गोड बोलायचं तर अंगात ताकद हवी."

रॉस हसला आणि त्याने पॅटिस घेतला.

डेसने नकाशाकडे फारसं पाहिलं नाही. त्याने एकच गोष्ट विचारली. इथले लोक त्यासाठी जो शब्द वापरतात त्याचा अर्थ 'हवामानाच्या बाहेर' असा होतो; आपल्या भाषेत त्याला मी आडोसा म्हणेन. तो म्हणाला, "नोलीनला आडोसा मिळेल का, एवढं सांग. बाकी तुझे नकाशे तू बघ."

"पश्चिमेचा स्टँड," रॉसने बोट ठेवलं. "वाऱ्याकडे पाठ, तुझ्या रांगेसारखीच. एकेचाळीसही घरं तिथे, एकत्र, पुढच्या ओळींत. छताखाली बसेल ती, डेस. शब्द देतो."

डेसने हात पुढे केला. रॉसने तो दाबला. हे मी पाहिलं आहे.

पुढचे तीन शनिवार डेस रांगेतल्या मोटारींच्या काचांवर टकटक करत फिरला. प्रत्येक घराशी तो बोलला. अठरा नंबरची बर्निस लून सर्वांत अवघड होती. नवरा गेल्यावरही त्याच्याच जागी मोटार लावणारी, जिभेने फटकळ. तिने काच चार बोटं खाली केली आणि विचारलं की रॉस पिअरमनच्या शब्दावर मी घर सोडलेल्या मांजरासारखी उघड्यावर जाऊन बसू का. डेस म्हणाला, "रॉसच्या नको. माझ्या शब्दावर चल." तिने काच वर केली. पण सभेत तिने बाजूने मत दिलं. रांगेतल्या सगळ्यांनीच दिलं. ठराव एकोणीस मतांनी मंजूर झाला. ती मतं कुठून आली हे सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

बांधकामाला दोन वर्षं लागली. दुसऱ्या वर्षीच्या फेब्रुवारीत व्यवस्थापन समितीने बसण्याची रचना बदलली. पश्चिमेचा स्टँड कोरडा आणि उन्हाकडे पाठ असलेला, म्हणून तिथे काचेची दालनं, पाहुण्यांची जेवणाची सोय आणि चित्रीकरणाचे कॅमेरे जाणार होते. मोटारवाली घरं पूर्वेच्या स्टँडमध्ये हलवली गेली. त्यांना पाठवायच्या पत्राचा मसुदा मी केला. त्यात मी लिहिलं होतं की आपली जागा पश्चिमेऐवजी पूर्वेला करण्यात आली आहे. समितीकडून मसुदा परत आला तेव्हा ते वाक्य काढलेलं होतं. आता पत्रात ओळ, खुर्ची आणि प्रवेशद्वार यांचे नुसते क्रमांक आणि 'आपल्या सर्व जागा छताखाली आहेत' एवढंच होतं. मी रॉसला विचारलं. तो म्हणाला की डेसशी मी स्वतः बोलेन, पत्रात कशाला गुंतागुंत. मला ते पटलं. इतक्या जुन्या मित्राला तो सांगेलच असं मी धरून चाललो आणि एकेचाळीस पाकिटं टपालात टाकली. पत्रांवर सही माझी होती.

डेसने ते पत्र जपून ठेवलं. रस्त्यात भेटला तेव्हा खिशातून काढून दाखवलं. "बघ वॅझ, लिहून दिलंय." मला वाटलं, त्याला बदल माहीत आहे आणि चालतो आहे. मी विचारलं असतं तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. मी विचारलं नाही.

मार्चमध्ये कचेरीत मोठी खोकी आली. आत घडी केलेले पातळ प्लॅस्टिकचे रेनकोट होते, छातीवर क्लबच्या चिन्हातला पक्षी छापलेला. पहिल्या सामन्याची भेट म्हणून ते खुर्च्यांवर ठेवायचे होते. खोक्यांवर 'पूर्व' असं लिहिलेलं होतं. मी खोकी मोजून घेतली, यादीवर खूण केली आणि गोदामात पाठवली.

पहिला सामना मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी. सकाळी वारा पश्चिमेचाच होता, पण जोर नव्हता. डेस नोलीनला व्हीलचेअरवरून घेऊन आला. तिने मानेभोवती दोन मफलर गुंडाळले होते आणि पर्समध्ये सायकलचा रबरी भोंगा आणला होता, कारण हॉर्न तर तिचाच वाजायला हवा. पूर्वेच्या दारावर डेस थबकला. त्याने पत्र काढून पाहिलं. मग दारावरच्या मुलीला म्हणाला की काहीतरी चूक आहे, आम्ही पश्चिमेचे. तिने यंत्रावर पाहून सांगितलं की चूक नाही. मी तिथे जवळच, सभासदांच्या खिडकीशी उभा होतो. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मला तेव्हा कळलं की रॉस त्याच्याशी कधीच बोलला नव्हता.

तरीही तो आत गेला. रांगेतली सगळी घरं आली होती. पुढच्या ओळींत, एकत्र, तेवढं मात्र ठरल्याप्रमाणे. वर पांढरं, उंच, देखणं छत होतं. लोक मान वर करून पाहत होते. चारपैकी दुसऱ्या सत्रात पाऊस आला.

तो छतावर पडलाच नाही. समोरच्या स्टँडच्या डोक्यावरून आला, मैदान तिरपं ओलांडलं आणि सरळ या लोकांच्या तोंडावर बसला. सोळाव्या ओळीपर्यंत पाणी पोहोचत होतं. वरून एक थेंब नाही आणि समोरून बादल्या, असा प्रकार. लोकांनी खुर्च्यांवरचे रेनकोट उघडले आणि अंगात घालू लागले. डेसने नोलीनच्या अंगावर एक घातला, दुसरा गुडघ्यांवर टाकला, आपलं जाकीट काढून तिच्यापुढे धरलं आणि वाऱ्याकडे पाठ करून तिच्यासमोर उभा राहिला. आता तिला मैदान दिसत नव्हतं, डेसचं पोट दिसत होतं.

"डेस," मागच्या ओळीतून बर्निस म्हणाली, "छत झकास आहे. काढून समोर उभं करता येतं का, विचारशील?"

दोघेतिघे हसले. पण ते हसू पुढे सरकलं नाही. एकेका ओळीतून मंडळी त्याच्याकडे पाहत होती, पाणी निथळत, सगळ्यांच्या छातीवर तोच पक्षी.

डेस रेनकोटची रिकामी पिशवी हातात घेऊन, मान वळवून मैदानापलीकडे पाहत होता. पश्चिमेच्या स्टँडमध्ये माणसं शर्टाच्या बाह्या वर करून बसली होती. मी चहा घेऊन नोलीनपाशी गेलो होतो. त्याने मला विचारलं, "तिकडे वाटले का हे?"

मी नाही म्हणालो.

"फक्त इकडे?"

मी मान हलवली.

"कधी आले होते?"

मार्चमध्ये, मी सांगितलं. त्याने पिशवीची बारीक घडी केली आणि शर्टाच्या खिशात, पत्राशेजारी ठेवली.

मध्यंतरात बर्निसने नोलीनची खुर्ची मागच्या बोळात, भिंतीला लावून उभी केली. तिथून मैदान दिसत नव्हतं, पण वारा कमी होता. डेस मला म्हणाला की मला रॉसकडे ने. माझ्या ओळखपत्रावर पश्चिमेच्या स्टँडची दारं उघडत. काचेच्या दालनात गालिचा होता. डेसच्या बुटांतून पाणी येत होतं, म्हणून तो दाराच्या पायपुसण्यावरच थांबला. रॉस लगबगीने आला. त्याने आधी नोलीनची चौकशी केली. मग म्हणाला की कॅमेऱ्यांच्या अटी होत्या, समितीचा निर्णय होता, माझ्या एकट्याच्या हातात काय होतं.

डेस म्हणाला, "तू शब्द दिला होतास."

"मी छताखाली म्हणालो होतो, डेस. छत आहे ना?"

"छत मी मागितलंच नव्हतं. आडोसा मागितला होता." त्याने खिशातून ती प्लॅस्टिकची घडी काढली आणि रॉसच्या हातात ठेवली. "आम्ही भिजणार हे तुला मार्चपासून माहीत होतं. मला सांगायला एक फोन पुरला असता. मी त्या लोकांना सांगितलं असतं."

रॉसने घडीकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला की इथे दोन खुर्च्या आहेत, काचेच्या आत, तुझ्या आणि नोलीनच्या, आजच, आणि पुढच्या प्रत्येक सामन्याला. त्याने ते मनापासून म्हटलं असावं असं मला अजूनही वाटतं.

डेसने लगेच नकार दिला नाही. नोलीनला हवं ते सगळं त्या काचेच्या आत होतं: ऊब, कोरडी हवा, समोर मैदान. तो म्हणाला, "हे मी ठरवायचं नाही. तिला विचारतो."

आम्ही परत आलो तेव्हा नोलीन खोकत होती. तो खोकला ऐकून डेसचा चेहरा बदलला. त्याने खाली वाकून तिला रॉसचं म्हणणं सांगितलं आणि वर स्वतःच म्हणाला, जाऊ या, नोल, माझं काय ते मी बघून घेईन.

नोलीनने श्वास जमवायला वेळ घेतला. "बाकीच्यांना?"

"बाकीच्यांना नाही."

"मग मी काचेत बसून भोंगा वाजवणार आणि ही सगळी इथे भिजत तो ऐकणार? ऐकूसुद्धा यायचा नाही." तिने रबरी भोंगा त्याच्या हातात दिला. "मला घरी ने, डेस."

ते निघाले. जाताना डेसला त्या सगळ्या ओळींसमोरून जावं लागलं. कोणी शिवी दिली नाही. कोणी टोपीला हात लावला नाही की 'चाललास का' म्हणून विचारलं नाही. बर्निसने मात्र नोलीनचा मफलर सारखा केला आणि डेसला म्हणाली, "मी रॉसवर नव्हता ठेवला विश्वास. लक्षात आहे ना?" त्याने मान डोलावली.

नोलीन नऊ दिवस इस्पितळात होती. बरी होऊन घरी आली. रॉस फुलं घेऊन गेला, डेसने दार उघडलं, फुलं घेतली आणि दार लावलं. रांगेतली घरं मात्र पुन्हा त्या दाराशी आली नाहीत. ती सगळी शनिवारी पूर्वेच्या स्टँडमध्ये बसत, घरून आणलेल्या ताडपत्र्या गुडघ्यांवर घेऊन. जायचं तरी कुठे. फुटबॉल तिथेच होता. रॉसवर राग धरून उपयोग नव्हता, तो काचेच्या आत होता. डेस गिरणीत, बेकरीत, चर्चच्या आवारात भेटत होता. त्यामुळे हिशेब त्याच्याशीच झाला.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी मी रजा घेतली. एकतीस वर्षांत सामन्याच्या दिवशी घेतलेली पहिली रजा. डेस जुन्या मैदानावर असतो, असं बेकरीत ऐकलं होतं. ते मैदान पुढच्या वर्षी घरांसाठी जाणार आहे. फाटकाला कुलूप नव्हतं. पश्चिम कडेला हिरवी स्टेशनवॅगन एकटी उभी होती, नाक मैदानाकडे, सतरा नंबरच्या जागी. आत रेडिओवर सामन्याचं वर्णन चालू होतं. पाऊस मागच्या काचेवर बसत होता आणि पुढची काच कोरडी होती. समोर गुडघ्याएवढं गवत आणि चार खांब.

फक्की ताजी होती. मला वाटलं होतं त्याने स्वतःपुरत्या दोन रेघा मारल्या असतील. पण त्याने सगळ्या मारल्या होत्या, एकेचाळीसच्या एकेचाळीस, नेहमीच्या अंतराने, टोकापर्यंत सरळ.

मी मोटार शेजारच्या जागेत घातली. नोलीनने काचेतून हात हलवला. रेडिओवरचा आवाज चढला, तिने स्टिअरिंगकडे हात नेला आणि एक लांब हॉर्न दिला. नंतरच्या शांततेत तिने सवयीने डावीउजवीकडे पाहिलं. मी माझा हॉर्न वाजवला. तो फार बारीक आला.

डेस उतरला. कॉलर वर करून माझ्या खिडकीशी आला आणि काचेवर टकटक केली. मी काच खाली केली. मला वाटलं, पत्रावरच्या सहीबद्दल आता तो बोलेल. बोलला असता तर मला बरं वाटलं असतं.

"वॅझ," तो म्हणाला, "ही बर्निसची जागा आहे. आली तर कुठे लावेल ती?"

मी गाडी मागे घेतली आणि शेवटच्या रेघेच्या पलीकडे, जिथे फक्की नव्हती, तिथे नेऊन उभी केली.